फ्लॉपीतून आलेला जोशी

५ जानेवारी उजाडली की काही संगणक अडून बसत. पडद्यावर एकच हुकूम उमटे: 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करा. दुसरे काहीही दाबले तरी यंत्र ढिम्म हलत नसे. शुभेच्छा टाइप केल्या की काम पुन्हा सुरू. हा होता 'जोशी' व्हायरस. जून १९९० मध्ये तो भारतात पकडला गेला, तेव्हा देशभर आणि आफ्रिकेच्या काही भागांत आधीच पसरलेला होता. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, मुंबईत 'प्रिंट स्क्रीन' नावाचा व्हायरस सापडला आणि भारतात लिहिला गेलेला पहिला व्हायरस म्हणून त्याची नोंद झाली. विंडोज बरी की लिनक्स, मॅक सुरक्षित की अँड्रॉइड, हा वाद आज राजगुरुनगरातल्या लॅपटॉपच्या दुकानापासून चाकणच्या कारखान्यापर्यंत कुठेही ऐकू येतो. त्या वादाचे आपल्याकडचे मूळ हे व्हायरस वाहून आणणाऱ्या फ्लॉप्यांत आहे.

जोशीची कामाची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. फ्लॉपीच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या कप्प्याला बूट सेक्टर म्हणतात. संगणक सुरू करताना फ्लॉपी खाचेत राहून गेली असेल, तर यंत्र आधी हा कप्पा वाचते आणि त्यात जे लिहिले असेल ते निमूटपणे करते. जोशी तिथेच घर करी. फ्लॉपीवर नुसती पत्रे नि हिशेब असले, 'ही सिस्टिम डिस्क नाही' अशी तक्रार पडद्यावर आली आणि माणसाने घाईने फ्लॉपी बाहेर काढली, तरी तोवर काम झालेले असे. जोशी मेमरीतले ६ किलोबाइट बळकावून बसलेला असे. चेकडिस्कची आज्ञा दिली की ६४० ऐवजी ६३४ किलोबाइट दिसत, आणि जाणकाराला तेवढी खूण पुरे. मग तो हार्ड डिस्कच्या पहिल्या कप्प्यात उतरे आणि पुढे खाचेत येणारी प्रत्येक फ्लॉपी बाटवी. कुणी तो कप्पा तपासायला गेलेच, तर मूळचा निरोगी कप्पा पुढे करी. वीज पूर्ण बंद करून, खात्रीच्या आणि राइट-प्रोटेक्ट केलेल्या फ्लॉपीवरून संगणक उठवल्याशिवाय त्याचा माग लागत नसे.

एवढे सगळे त्याला जमले, कारण डॉसमध्ये त्याला अडवणारे कुणी नव्हते. डॉस ही एका माणसाने, एका वेळी, एकाच यंत्रावर वापरायची सिस्टिम. तिच्यात मालक आणि पाहुणा असा भेद नाही. जो प्रोग्रॅम चालतो, त्याला डिस्कचा कुठलाही कप्पा खुला. युनिक्सचे याच्या अगदी उलट. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली तिचा जन्म झाला, आणि एक मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा हे पहिल्यापासून ठरलेले होते. त्यामुळे कोणती फाइल कोणी वाचायची, कोणी लिहायची, कोणी चालवायची हे तिथे प्रत्येक फाइलवर नोंदलेले असते आणि सर्वाधिकार 'रूट' नावाच्या एकाच खात्याकडे असतात. सुरक्षिततेची आजची सगळी चर्चा या दोन घराण्यांच्या भांडणातून आली आहे.

मग जगाने दुबळे घराणे का निवडले? स्वस्ताईमुळे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने पीसी आणला. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी डॉस दिले, पण तेच डॉस इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क स्वतःकडे राखला. आयबीएमसारखीच यंत्रे बनवणारे शेकडो कारखाने उभे राहिले आणि प्रत्येकात डॉस गेले. भारतात नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण आले, आयातीचे निर्बंध सैल झाले आणि सुटे भाग जोडून पीसी विकणारे शहराशहरांत दिसू लागले. लाहोरच्या अल्वी बंधूंचा 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला व्हायरस १९८६ सालचा. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, अमेरिकेतल्या १५ वर्षांच्या रिच स्क्रेंटाने 'एल्क क्लोनर' लिहिला, तो अॅपल-२ साठी. कारण त्याच्या आसपास वापरात ते यंत्र होते. ज्या यंत्राची संख्या मोठी, त्याच्या वाट्याला व्हायरस अधिक, हे सूत्र इतके जुने आहे.

पुण्यात या सूत्रातून एक धंदा जन्माला आला. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि १९९० मध्ये त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. कॅल्क्युलेटरांपाठोपाठ संगणक दुरुस्तीला येऊ लागले. यंत्र नीट करून द्यावे आणि काही दिवसांत तेच यंत्र तीच तक्रार घेऊन परत यावे, असे घडू लागले. भाग बिघडलेला नव्हता; फ्लॉपीतून व्हायरस परत आला होता. धाकटे बंधू संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका व्हायरससाठी सफाईचे छोटे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. त्या काळी 'मायकेलअँजेलो'ची धास्ती होती. ६ मार्चला तो हार्ड डिस्कवरची माहिती पुसून टाकी. हे तुकडे एकत्र होऊन १९९४-९५ च्या सुमारास 'क्विक हील' तयार झाले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचे नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. अॅंटिव्हायरसला पुण्यात एवढे गिऱ्हाईक मिळाले, कारण आधी डॉस आणि मग विंडोज घरोघरी होती. गिऱ्हाइकांच्या टेबलांवर युनिक्स असती, तर काटकर बंधूंना कदाचित वेगळाच धंदा शोधावा लागला असता.

विंडोजचे राज्य आपल्या तालुक्यांत नुसत्या जाहिरातींनी आले नाही. डीटीपीवाल्याचे श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, आणि ते चाले विंडोजवर. दुकानाचा हिशेब टॅलीत, तीही विंडोजवर. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागले आणि खेड तालुक्यातल्या मुलांचा हातही विंडोज आणि ऑफिसवरच बसला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली भारतीय सिस्टिम आणली, मराठीसकट. ती फुकट होती आणि रचनेने भक्कमही होती. पण लग्नपत्रिका छापणाऱ्याला श्रीलिपी हवे होते, अडत्याला टॅली. सिस्टिम कोणी निवडत नाही. माणूस काम निवडतो आणि सिस्टिम त्या कामाबरोबर येते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. २००१ च्या विंडोज एक्सपीच्या असंख्य प्रती एकाच सीडीवरून, परवान्याशिवाय टाकल्या गेल्या. प्रत नकली असल्याचे उघड होईल म्हणून अपडेट बंद ठेवले जात. त्यातच एक्सपीत साधा वापरणाराही बहुधा सर्वाधिकारी म्हणूनच आत शिरे. वास्तविक १९९३ च्या विंडोज एनटीपासून मायक्रोसॉफ्टकडे अधिकारांची चांगली व्यवस्था तयार होती. घरगुती वापरात ती मोडीत निघाली. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सुरक्षिततेला पहिला मान द्यायला सांगितले. तरी ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर'ने जगभरातल्या विंडोज यंत्रांना घोळात घेतलेच. त्यानंतर वर्षभराने आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक-२ मध्ये फायरवॉल आपोआप चालू राहू लागली.

मग विंडोजला जास्त लागण होते ती केवळ संख्येमुळे की रचनेमुळे? एकच उत्तर देणाऱ्यांना इतिहास साथ देत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' युनिक्सवर पसरला आणि त्या वेळच्या इंटरनेटचा सुमारे दहावा हिस्सा त्याने अडवला असा अंदाज होता. तेव्हा इंटरनेटवर युनिक्सचेच राज्य होते. २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक'ने ६ लाखांवर मॅक गाठले. २०१६ मध्ये 'मिराई'ने लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि तेही कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता एवढ्याच भांडवलावर.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपयांचा दरोडा पडला. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. त्यात कुणाच्या टेबलावरचा पीसी फारसा कामाचा नव्हता. पैसे द्यावेत की नाही हे ठरवणारी एटीएम स्विचची यंत्रणा हे लक्ष्य होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारी संस्थांनी उत्तर कोरियाशी जोडलेल्या अशाच हल्ल्यांबद्दल इशारा दिला. त्यात वर्णन केलेले मालवेअर आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर चालणारे होते. घरात कुणाकडेही नसलेली सिस्टिम! जिथे पैसा एका जागी साठलेला असतो, तिथे बाजारातला वाटा कोणी मोजत बसत नाही.

संख्येचा धोका मात्र खराच आहे. राजगुरुनगरच्या पुढे घाट चढून गेले की सातगाव पठारावर बटाट्याची शिवारे लागतात. एकाच वाणाचे रान करप्याला किती लवकर बळी पडते, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सप्टेंबर २००३ मध्ये संगणक-सुरक्षातज्ज्ञ डॅन गीअर आणि सहकाऱ्यांनी एका अहवालात हाच मुद्दा मायक्रोसॉफ्टच्या मक्तेदारीबद्दल मांडला, आणि गीअर यांची नोकरी गेली. १९ जुलै २०२४ रोजी त्यांचे म्हणणे वेगळ्याच वाटेने खरे ठरले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या दिवशी लिनक्स आणि मॅक सुरू होते.

चाकणला याची झळ दोन बाजूंनी बसते. एक, बंदराकडून. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा व्हायरस मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि न्हावा शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे संगणकी काम थांबले. कंटेनर हाताने नोंदवायची वेळ आली. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेली साथ रायगड जिल्ह्यात येऊन पोचली होती. दुसरी बाजू कारखान्याच्या आतली. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा, आणि त्यांच्या भोवती जॉबवर्क करणारे असंख्य छोटे वर्कशॉप. सीएनसी मशिन वीस-पंचवीस वर्षे चालते. सीमेन्सच्या सिन्युमेरिक ८४०डी कंट्रोलच्या पॅनेलमध्ये आधी विंडोज एनटी आणि नंतर एक्सपी असे. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. मशिन मात्र अजून जॉब काढते आहे. प्रोग्रॅम पेन ड्राइव्हने येतो-जातो, आणि पेन ड्राइव्हला फ्लॉपीचे सगळे दुर्गुण आहेत. २०१० मध्ये उघड झालेला 'स्टक्सनेट' पेन ड्राइव्हनेच पसरला. विंडोज आणि सीमेन्सचे औद्योगिक सॉफ्टवेअर हेच त्याचे लक्ष्य, आणि इराण व इंडोनेशियाच्या पाठोपाठ सर्वाधिक लागण भारतात झाली होती.

'वॉनाक्राय' या मालवेअरचे उदाहरण तर प्रत्येक प्लांट मॅनेजरने पाठ करावे असे आहे. ते विंडोजच्या ज्या भोकातून शिरले, त्याचे ठिगळ, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिले होते. हल्ला आला १२ मे रोजी. सगळ्यांनी बोट दाखवले एक्सपीकडे. प्रत्यक्षात लागण झालेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ ची होती, जिला ठिगळ उपलब्ध होते आणि लावलेले नव्हते. जूनमध्ये होंडाला जपानमधला सायामाचा मोटारींचा कारखाना याच कारणाने बंद ठेवावा लागला.

आता बहुसंख्येचा मान अँड्रॉइडकडे आहे. भारतातल्या शंभर फोनांत पंच्याण्णवच्या आसपास अँड्रॉइड असतात, आणि तिचा गाभा लिनक्सचा. रचना चांगली आहे: प्रत्येक अॅप आपापल्या कोंडवाड्यात, परवानगीशिवाय एसएमएसला हात नाही. म्हणून हल्लेखोराने परवानगी मागायलाच सुरुवात केली. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचे चलन म्हणून एपीके फाइल येते, माणूस ती उघडतो, एसएमएस वाचायला 'अलाऊ' म्हणतो आणि ओटीपी परक्याच्या हाती जातो.

या सगळ्या कुळात सरसकट सुरक्षित अशी एकही सिस्टिम नाही. चांगल्या रचनेची, वेळच्या वेळी ठिगळ लावलेली आणि रोजच्या कामाला सर्वाधिकार न दिलेली सिस्टिम सुरक्षित, मग ती कोणाचीही असो. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले; वैयक्तिक वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून घेता येते. ज्यांच्या वर्कशॉपमध्ये जुन्या विंडोजचे मशिन आहे त्यांनी ते ऑफिसच्या नेटवर्कवरून आणि इंटरनेटवरून सोडवून घ्यावे, त्याच्यासाठी एकच पेन ड्राइव्ह राखून ठेवावा, तो दर वेळी दुसऱ्या संगणकावर तपासूनच लावावा, आणि सगळ्या प्रोग्रॅमांची एक प्रत मशिनपासून वेगळी, कपाटात ठेवावी.