जलपृष्ठाचे चित्रण आणि ‘पृष्ठ’ या शब्दाचा अर्थ

पाण्याचे पृष्ठ म्हणजे काय, याचे उत्तर व्यवहारात सोपे आहे: जेथे पाणी संपते व हवा सुरू होते ती सीमा. विज्ञानाच्या इतिहासात मात्र एवढे उत्तर पुरेसे ठरलेले नाही. पृष्ठ न्याहाळण्याची साधने जसजशी बदलत गेली, तसतसा या एकाच शब्दाने निरनिराळ्या जाडीच्या थरांचा बोध होऊ लागला.

१८६४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट टोप्लर यांनी पारदर्शक द्रव्यातील घनतेचे भेद दृश्य करणारी एक रीती प्रसिद्ध केली. उष्ण व थंड द्रवाचा वक्रीभवनांक किंचित भिन्न असतो. त्यामुळे त्यातून जाणारे किरण अल्पसे ढळतात. तीक्ष्ण पात्याच्या कडेने या किरणांचा काही भाग अडविला, की छायाप्रकाशाचे चित्र उमटते. काचेतील सदोष रेघांना जर्मन भाषेत ‘श्लीरेन’ म्हणतात. तेच नाव या रीतीस मिळाले.

मोकळ्या पृष्ठाच्या अभ्यासात प्रकाशीय साधनांचे मोठे यश म्हणजे फ्रान्समधील आंरी बेनार यांचे १९०० चे प्रयोग. त्यांचा द्रव पाणी नव्हता, तर वितळविलेला स्पर्मासेटी मेद होता. परंतु प्रश्न मोकळ्या पृष्ठाचाच होता. खालून तापविलेल्या पातळ थरावर षट्कोनी कोशांची रचना उमटलेली त्यांनी पाहिली. १९१६ मध्ये लॉर्ड रॅले यांनी तिचे कारण दिले: तापलेला द्रव हलका होऊन वर चढतो. हे गणित निर्दोष होते, तथापि ते बेनार यांच्या कोशांना लागू पडत नव्हते. कोशाच्या मध्यभागी पृष्ठ किंचित खोलगट असते, हे बेनार यांनी नोंदविले होते. केवळ उत्प्लावनाने द्रव चढत असता तर तेथे उंचवटा हवा होता. १९५६ मध्ये ब्लॉक यांच्या प्रयोगांनी व १९५८ मध्ये पिअर्सन यांच्या सिद्धान्ताने खरे कारण स्पष्ट झाले. उष्ण मध्यभागी पृष्ठताण कमी असतो, आणि थंड कडा पृष्ठावरील द्रव आपल्याकडे ओढून घेतात. पुरावा चित्रात प्रथमपासून होता. तो वाचला जाण्यास अर्धे शतक लागले.

प्रत्यक्ष पाण्याच्या बाबतीत १९६१ मध्ये स्पँगेनबर्ग व रोलंड यांनी श्लीरेन रीतीनेच बाष्पीभवनाचा परिणाम पाहिला. पृष्ठाशी थंड झालेले पाणी एकसारखे खाली जात नाही. ते रेषांवर गोळा होते आणि तेथून पातळ पडद्यांसारखे खाली उतरते.

येथपर्यंतचे साधन प्रकाश होते, व प्रकाश पाण्यातून आरपार जातो. अवरक्त किरणांचे तसे नाही. सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण पाण्यात तात्काळ शोषले जातात. म्हणून उष्णताचित्रात दिसतो तो केवळ वरचा काही दशांश नव्हे, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका थर. १९६० मध्ये यूइंग व मॅकअॅलिस्टर यांनी अशा मापनाने दाखविले की समुद्राची ही ‘त्वचा’ खालच्या पाण्याहून थंड असू शकते. हा फरक बहुधा अंशाच्या काही दशांशांइतकाच असतो. लाट फुटली की ही त्वचा भंगते आणि तेथे उबदार ठिपका उमटतो, हे जेसप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये उष्णताचित्रांच्या आधारे मांडले.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. जहाजावरून बादलीने काढलेल्या पाण्याचे तापमान आणि उपग्रहाने अवरक्त किरणांवरून मोजलेले तापमान, या दोहोंस दीर्घकाळ ‘समुद्रपृष्ठाचे तापमान’ असेच म्हटले गेले. दोन्ही एका मालिकेत सरळ जोडल्यास साधनातील बदल हा समुद्रातील बदल म्हणून नोंदला जाईल. म्हणून आज समुद्रशास्त्रज्ञ त्वचेचे तापमान व खालच्या पाण्याचे तापमान यांस वेगळी नावे देतात. जुन्या नोंदी वाचताना ‘पृष्ठ’ हा शब्द कोणत्या साधनाचा आहे, हे प्रथम विचारले पाहिजे.