घोंगडीबाहेरचे हात

नाशिकच्या थंडीचे आकडे हवे तेवढे मिळतात. 7 जानेवारी 1945 रोजी शहरात पारा 0.6 अंशांपर्यंत उतरला होता. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातले किमान तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत ठळक छापून येते, आणि पारा पाचाच्या खाली गेला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. द्राक्षाच्या मण्यांची एवढी काळजी वाहणाऱ्या या मुलखात भल्या पहाटे सायकल दामटत कामावर जाणाऱ्या माणसाने आपली बोटे कशी सांभाळली, याकडे मात्र फारसे कुणी पाहिलेले नाही. माझे म्हणणे असे की हातापायांच्या थंडीचा प्रश्न इथे मुख्यतः सायकलने आणला, आणि पेहरावाला त्याचे उत्तर सापडण्याआधीच सायकल मागे पडली.

सायकलपूर्वीच्या माणसाकडे घोंगडी होती. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सणगरांचा माग, आणि डोक्यावरून खोळ करून घेतली की कान, छाती, हात असे सगळेच आत. पायी चालणाऱ्याला हात बाहेर काढायचे कारणच नव्हते. बैलगाडीवाला एका हाताने कासरा धरी, दुसरा काखेत घाली आणि पाय पोटाशी ओढून बसे. टांगेवाल्याचेही तेच. नाशिक गाव आणि नाशिकरोड स्टेशन यांच्यामध्ये 1889 पासून ट्राम धावे, सुरुवातीला घोड्यांची. तिच्यात बसणारा तर शालीत गुरफटून जाऊ शके. पुढे नाशिकरोडला 1925 मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि 1928 मध्ये करन्सी नोट प्रेस उभी राहिली. घड्याळाच्या काट्यावर हजर व्हायचे असे कामगार वाढले, आणि नेमकी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ट्राम बंद पडली. गावापासून प्रेसपर्यंतचे आठ-नऊ किलोमीटर रोज कापायला कामगाराला परवडणारे स्वतःचे वाहन म्हणजे सायकल. तिच्यावर घोंगडी चालत नाही. ती चाकात अडकते, चेनमध्ये जाते, वाऱ्याने फुगते. शिवाय सायकलला दोन्ही हात लागतात, तेही पुढे, उघड्यावर, हँडलवर खिळलेले. पिढ्यान्‌पिढ्या उबेत राहिलेले हात प्रथमच रोजच्या रोज वाऱ्याच्या तोंडी आले.

यावर कुणी म्हणेल, नाशिकची थंडी ती केवढी, जानेवारीतही दुपारी पारा अठ्ठावीसच्या आसपास असतो. खरे आहे, पण कामगार, दूधवाला आणि पेपरवाला रस्त्यावर असतात ते दुपारी नव्हे. दिवसाचे सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते आणि यांची फेरी त्याच तासाला पडते. त्यात सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी 1940 च्या सुमारास पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून वाऱ्याच्या गारठ्याचा हिशेब मांडला. त्यातूनच पुढे सुधारत आलेल्या आजच्या सूत्राने पाहिले, तर 8 अंशांच्या निवांत हवेत ताशी 20 किलोमीटरने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला गारठा सुमारे 5 अंशांचा बसतो. शरीराची रीतही इथे आडवी येते. गारठा जाणवला की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी बोटांकडचा रक्तपुरवठा आखडते. बोटांत स्वतःची उष्णता निर्माण करणारे स्नायू नगण्य, आणि आकाराच्या मानाने कातडी मात्र भरपूर. पायांचे तर नवलच. पेडल मारताना राबते मांडी, पाऊल नुसते दाबलेले राहते. म्हणून अंगाला घाम फुटला तरी पायाची बोटे बधिर होतात. चालणाऱ्याचे तसे होत नाही, कारण त्याचे पाऊल दर पावलाला वाकते.

मग लोकांनी घातले काय? कानटोपी, मफलर, स्वेटर. हातमोजे क्वचित. याचे सोपे उत्तर गरिबी असे दिले जाते. पायांपुरते ते मला मान्य आहे. बंद बूट महाग होते आणि अंगठ्याच्या चपलेत मोजा शिरत नाही. हातांच्या बाबतीत मात्र ते पटत नाही. ज्या घरी स्वेटर विणला जाई तिथे उरलेल्या लोकरीत हातमोज्यांची जोडी सहज निघाली असती. 1959 नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी अनेकांनी शहरोशहरी गरम कपड्यांची दुकाने मांडली. नाशिकमध्ये शरणपूर रस्त्यावर त्यांचा बाजारच वसला. म्हणजे लोकर मिळत होती. अडत होते ते हँडलपाशी. जुन्या दांडीच्या ब्रेकची लोखंडी मूठ लोकरीच्या बोटांतून निसटते, घंटीचा खटका सापडत नाही, आणि विणीच्या भोकांतून वारा तर आत येतोच. दूध मापणाऱ्याला, पेपरची घडी घालणाऱ्याला दर दाराशी मोजा काढावा लागणार. म्हणून हात उघडे राहिले आणि वाटेतल्या शेकोटीवर, चहाच्या ग्लासावर सोपवले गेले.

मफलर-कानटोपीच्या समर्थनार्थ एक दाखला हमखास दिला जातो की शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते. तो टिकत नाही. डोके जेवढी जागा व्यापते साधारण तेवढीच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास उष्णता त्यातून जाते. तरीही जुनी रीत चुकीची ठरत नाही, कारण धड उबदार राहिले तर शरीर बोटांचे रक्त लवकर आखडत नाही. छातीवरचा जाड स्वेटर काही अंशी हातांसाठीही काम करत होता. मात्र ताशी वीसच्या वाऱ्यात तेवढे पुरत नाही. त्याला वारा अडवणारे काही तरी थेट बोटांवर लागते.

ते आले, पण भलत्याच वाटेने. नाशिकच्या दुचाकीवर हातमोजे रुळवले ते उन्हाने. स्कूटर चालवणाऱ्या मुली-बायकांनी कोपरापर्यंतचे सुती मोजे घालायला सुरुवात केली ती कातडी रापू नये म्हणून. दुसरी वाट खेळाची. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पार केली, आणि शहरात सायकलला पुन्हा मान आला. सायकलींच्या दुकानांत मोजे टांगले गेले, पण त्यांतले बरेचसे अर्ध्या बोटांचे, तळहाताला गादी देणारे. बोटांची टोके, जिथे गारठा सर्वांत आधी लागतो, त्यांत उघडीच राहतात. दूधवाला दरम्यान मोटारसायकलवर गेला. ताशी चाळीसला त्याच 8 अंशांचा गारठा 3 अंशांवर येतो, आणि अंग तापवायला पेडलही उरले नाही. पहाटे अजून सायकलच चालवणारे पेपरवाले, पहारेकरी, द्राक्षबागेतले मजूर यांच्यासाठी हँडललाच बाहेरून बसणारे, आत ब्रेक आणि घंटी मोकळी ठेवणारे वारारोधक आवरण सर्वांत सोयीचे ठरेल. थंड देशांत ते जुनेच आहे, आणि रेक्झिनच्या तुकड्यातून सीटकव्हर शिवणारा कुठलाही कारागीर ते सहज शिवून देऊ शकेल.