लहान व्यासाचे फ्लश ट्रिम बिट

फ्लश ट्रिम बिट हे राउटर किंवा ट्रिमर या विजेवर चालणाऱ्या सुतारी यंत्रात बसवायचे, बेअरिंग जोडलेले कापणारे हत्यार आहे. एका पृष्ठभागाच्या बाहेर आलेली दुसऱ्याची कड छाटून दोन्ही एका पातळीत आणणे, हे त्याचे काम होय. प्लायवूडवर चिकटवलेल्या लॅमिनेटची जास्तीची कड काढणे, फळीला लावलेली लाकडी पट्टी तिच्याशी सपाट करणे आणि साच्यावरून हुबेहूब आकार कापणे, हे त्याचे नेहमीचे उपयोग आहेत. फर्निचरकामात १२.७ मिमी (अर्धा इंच, सुतारांच्या मापात चार सूत) व्यासाचे बिट सर्रास वापरले जाते. नक्षी, अक्षरे, जडावकाम, वाद्यांतील खोबणी अशा बारीक कामासाठी मात्र ६.३५ मिमी (दोन सूत) किंवा ९.५ मिमी (तीन सूत) व्यासाची बिटे लागतात.

रचना

बिटाचे दांडा, पाते आणि बेअरिंग असे तीन भाग असतात. बेअरिंगचा बाह्य व्यास पात्याच्या व्यासाइतकाच असतो. बेअरिंग आधाराच्या कडेवरून फिरते, तर पाते त्या कडेबाहेरचे लाकूड तेवढे छाटते. बेअरिंग टोकाला असेल तर साचा कामाच्या खाली ठेवावा लागतो. दांड्याच्या बाजूला असेल तर वर. दुसऱ्या प्रकारास पॅटर्न बिट असेही म्हणतात. तळ असलेली खोबण कापायची असल्यास हाच प्रकार उपयोगी पडतो, कारण टोकाचे बेअरिंग तेथे तळाला अडते.

पाती बहुधा टंगस्टन कार्बाइडची असतात. मोठ्या बिटांत कार्बाइडचे तुकडे पोलादी अंगाला झाळलेले असतात, तर लहान बिटे अनेकदा अखंड कार्बाइडची घडवतात. कार्बाइड धार दीर्घकाळ टिकवते, पण ते ठिसूळ असते. बिट फरशीवर पडले तर धारेचा टवका उडू शकतो.

आतले कोपरे

लहान बिटाची गरज मुख्यतः आतल्या कोपऱ्यांमुळे निर्माण होते. फिरणारे पाते आतल्या कोपऱ्यात आपल्या व्यासाच्या निम्म्या त्रिज्येची गोलाई सोडते. चार सुती बिट ६.३५ मिमी त्रिज्येची गोलाई ठेवते, दोन सुती बिट सुमारे ३.२ मिमीची. दारावरील नावाच्या पाटीसाठी देवनागरी अक्षरे कापताना हा फरक ठळकपणे दिसतो. ‘क’ किंवा ‘व’ यांच्या गाठीतील पोकळी बिटाच्या व्यासाहून अरुंद असेल तर बिट तेथे शिरूच शकत नाही, आणि शिरोरेषेखालचे काटकोन गोलसर होतात. कितीही लहान बिट घेतले तरी कोपरा पूर्ण काटकोनी होत नाही. उरलेली गोलाई पटाशीनेच काढावी लागते, त्यामुळे या यंत्राने पटाशी अडगळीत गेलेली नाही.

साचा

बिट स्वतः सरळ किंवा वाकडे काही कापत नाही. बेअरिंगला जी कड मिळते तिचीच ते नक्कल करते. प्लायवूडच्या थरांतील पोकळीवरून बेअरिंग गेले तर ते आत घसरते आणि तसाच खड्डा कामात उमटतो. कडेवर फेव्हिकॉलचा सुकलेला थेंब राहिला तर तेथे उंचवटा राहतो. लहान बेअरिंग तर मोठे बेअरिंग जिच्यावरून सहज पार होईल अशा बारीक खाचेतही उतरते. म्हणून साच्यासाठी एकजिनसी एमडीएफ पसंत करतात आणि त्याची कड पॉलिशपेपरने गुळगुळीत करून घेतात.

दृढता आणि गती

व्यास घटला की बिट लवचीक होते. लांबी आणि दाब तोच ठेवून व्यास निम्मा केला, तर वाकण्याचे प्रमाण सोळा पट होते. व्यास तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर आठ पट. लहान बिट कामात मोडते त्यामागे बहुधा हेच कारण असते. गरजेपुरत्याच लांबीचे पाते निवडणे, आकार आधी जिगसॉने कापून केवळ १ ते २ मिमी लाकूड बिटासाठी ठेवणे आणि खोल काप टप्प्याटप्प्याने घेणे, हे त्यावरचे उपाय.

मिनिटाला २५,००० फेऱ्यांच्या गतीत दोन सुती बिटाच्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे ८.३ मीटर असतो, तर चार सुती बिटाचा १६.६ मीटर. त्यामुळे लहान बिटे यंत्राच्या वरच्या गतीवर चालवतात. हात कोपऱ्यात रेंगाळला तर घर्षणाने लाकूड काळे पडते.

हातात धरलेले यंत्र पात्याच्या फिरण्याविरुद्ध सरकवायचे असते : वरून पाहता बाहेरच्या कडेवर घड्याळाच्या काट्यांच्या उलट, आतल्या कडेवर काट्यांप्रमाणे. उलट दिशेने यंत्र हातातून पुढे ओढले जाते. योग्य दिशेनेही, तंतू आडवे कापले जातात अशा टोकाशी पाते बाहेर पडताना चिरफळी उडते. तेथे मागे लाकडाचा तुकडा घट्ट लावणे हिताचे.

सुरक्षितता

बाजारात ६ मिमी आणि ६.३५ मिमी अशा दोन्ही मापांचे दांडे मिळतात आणि डोळ्यांना ते सारखेच दिसतात. ६ मिमीचा दांडा ६.३५ मिमीच्या कोलेटमध्ये बसतो, पण नीट आवळला जात नाही. वेगात असताना तो निसटू शकतो. दांडा पूर्ण आत घालून एक-दोन मिमी मागे घ्यावा आणि मगच आवळावा. बिट बदलण्यापूर्वी प्लग काढावा व काम करताना चष्मा आणि मास्क वापरावा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाचा समावेश मानवी कर्करोगकारकांत केला आहे.

देखभाल

पात्यावर साचलेला राळेचा थर काढताना बेअरिंग आधी उतरवून ठेवतात, कारण द्रावणात त्यातील वंगण धुऊन जाते. धार पुन्हा लावलेल्या पात्याचा व्यास किंचित घटतो. जुने बेअरिंग तसेच ठेवले तर कड सपाट न होता बारीक ओठ शिल्लक राहतो.