केरीची राय आणि शासनाचे अभयारण्य

गोव्यात केरी नावाची एकाहून अधिक गावे आहेत. एक पेडण्यात, तेरेखोल नदीच्या मुखाशी. दुसरे सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. प्रस्तुत लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे तो सत्तरीतील केरीचा. कारण वनरक्षणाच्या दोन पद्धती, एक लोकाचाराची व दुसरी कायद्याची, या परिसरात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

पहिली पद्धत रायीची. इतरत्र जिला देवराई किंवा देवरहाटी म्हणतात, तिलाच सत्तरीत राय म्हणतात. केरीची आजोबाची राय सर्वश्रुत आहे. रायीतले झाड तोडावयाचे नाही, वाळली फांदीही घरी न्यावयाची नाही. निकड पडलीच तर देवाचा कौल घ्यावयाचा, असा अशा रायींचा सर्वसाधारण दंडक. या दंडकाने काय राखले, हे सत्तरीतच बांबर येथील निरंकाराच्या रायीत दिसते. गुडघ्यांसारखी मुळे दलदलीतून वर काढणारी रानजायफळाची दुर्मीळ झाडे तेथे टिकून राहिली. 1970 नंतरच्या दशकात डॉ. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून, ही प्रथा शेतीपूर्व काळाइतकी जुनी असावी असा तर्क मांडला.

दुसरी पद्धत राज्यसंस्थेची. गोवा 1961 साली मुक्त झाला. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. आणि 1999 मध्ये सत्तरीतील सुमारे 208 चौरस किलोमीटर वनप्रदेश म्हादई अभयारण्य म्हणून घोषित झाला. कायद्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. राय टेकडीचा एक कोपरा राखते. वाघास सबंध डोंगररांग लागते. परंतु जानेवारी 2020 मध्ये याच अभयारण्यात, गोळावली येथे, एक वाघीण व तिचे तीन बछडे विषाने मेलेले आढळले. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने या वनक्षेत्रास व्याघ्रप्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला. शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. गुरे आणि बागायती यांवर पोट असलेल्या माणसाला नकाशावरची रेघ आपल्यावर लादलेली वाटते. रायीची मर्यादा मात्र त्याच्या पूर्वजांनीच घातलेली असते.

आता तिसराच घटक पुढे आला आहे, तो विहाराचा. पावसाळ्यात घाटरस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. 2023 च्या पावसाळ्यात बुडून झालेल्या मृत्यूंनंतर वनखात्यास अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी करावी लागली. परक्यांस दोष देणे सोपे आहे. म्हणून आमचाच एक अनुभव सांगतो. एकदा आम्ही विद्यार्थ्यांस राय दाखविण्यास नेले. कोणी न सांगता मुलांनी पायताणे बाहेर काढली, आवाज खाली आणले. त्याच दुपारी ओढ्याकाठी जेवण झाले, आणि उठताना पाहतो तो पाण्यात बाटल्या व कागद तरंगत होते. मुले तीच होती. रायीचा संस्कार त्यांना घरातून मिळाला होता. ओढ्याचा संस्कार आम्ही, त्यांच्या शिक्षकांनी, दिलाच नव्हता.

आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे. वन्यजीव कायद्यातील 2002 च्या दुरुस्तीने गावाच्या अथवा खाजगी जमिनीवर सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद केली, म्हणजे रायीच्या तत्त्वास कायद्यानेच जागा दिली आहे. तिचा उपयोग करून घ्यावयाचा तर ‘हे वन कोणाचे?’ या प्रश्नास मुलांकडून ‘आमचे’ असे उत्तर आले पाहिजे. ते उत्तर घडविणे हे आपल्या शाळांचे काम होय. आणि ते आजवर आपण पुरेसे केलेले नाही.