सावित्रीकाठची थडगी आणि नोंदवहीतील रिकामी जागा

आपला पूर्वज कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत प्रत्येक समाजाने आपापल्या सोयीने घडविलेली असते. आपल्याकडे कुळ, गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव यांच्या आधाराने माणूस मागे जातो. तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि छापील कुलवृत्तांत त्याच्या मदतीस येतात. स्कॉटलंडमधील माणूस याच कामासाठी चर्चच्या आवारात जातो. तेथील दगडावर कोरलेले नाव आणि त्याच पॅरिशच्या नोंदवहीतील शाईची ओळ एकमेकांशी जुळली, की त्याला एक पिढी सापडते. या दोन रीती जेथे समोरासमोर येतात, अशा जागांपैकी एक रायगडचा किनारा आहे. दगड आणि दप्तर कोणाला पूर्वज मानतात आणि कोणाला वगळतात, हा प्रश्न तेथे टाळता येत नाही.

स्कॉटिश माणूस या किनाऱ्यावर आला तो कंपनीच्या चाकरीत. १७५६ च्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे गेले आणि त्या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव मिळाले. आज बाणकोट रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असले, तरी सावित्रीच्या खाडीचा उत्तर काठ रायगडचा आहे. गलबताने बाणकोटास यावे, होडीने महाडकडे जावे आणि पुढे पोलादपुरावरून घाट चढावा, ही त्या काळची वाट होती. १८१८ नंतर या प्रदेशाचा कारभार ज्यांच्या हाती आला, त्यांत स्कॉटलंडची माणसे त्या देशाच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठ्या संख्येने होती. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि माल्कम, तसेच साताऱ्याचा रेसिडेंट व मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ ही नावे मराठी वाचकांस नवी नाहीत.

स्कॉटिश मिशनरी सोसायटीने पश्चिम भारतातील आपले काम मुंबई शहरात सुरू न करता १८२३ मध्ये बाणकोट आणि हर्णै या भागात सुरू केले. तिचा पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल हा पाद्र्याच्या घरात वाढलेला असून पूर्वी कंपनीच्या सैन्यात लेफ्टनंट होता. येथे आल्यावर वर्षही पुरे झाले नाही तोच, १८२३ च्या नोव्हेंबरात, त्याला पोलादपूर येथे मृत्यू आला. पुढे १८२९ मध्ये जॉन विल्सन आले आणि मराठीचे पहिले पाठ त्यांनी याच किनाऱ्यावर गिरविले.

अशा माणसाचा माग कसा काढतात, ते पाहण्यासारखे आहे. थडग्यावर बहुधा नाव, हुद्दा, मृत्युदिन आणि वय एवढेच असते. क्वचित गावाचे नाव असते. तेथून शोध लंडनला जातो. मुंबई इलाख्यातील चॅप्लेन बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला विलायतेस पाठवीत असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. कंपनीच्या सैन्यात कॅडेट म्हणून भरती होणाऱ्या तरुणाला बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे आणि त्या दाखल्यावर त्याच्या पॅरिशचे नाव असे. म्हणजे कोकणातल्या एका दगडावरून निघालेला माणूस तीन कागदांच्या आधाराने हायलँडमधल्या एखाद्या खेड्यापर्यंत पोहोचू शकतो.

खुद्द स्कॉटलंडमध्ये मात्र दफनाच्या जुन्या नोंदी विरळ आहेत. अनेक पॅरिशांनी त्या ठेवल्याच नाहीत. शवावर घालण्याचे वस्त्र चर्चकडून भाड्याने मिळे. त्या भाड्याची जमा हिशेबाच्या वहीत सापडली, तर तेवढ्यावरून कोणाचा मृत्यू केव्हा झाला हे ठरवावे लागते. १ जानेवारी १८५५ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि हे काम पुष्कळ सोपे झाले. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. स्कॉटिश स्त्रीचे माहेरचे आडनाव लग्नानंतरही कागदावरून पुसले जात नसे. थडग्यावर ती अमक्याची पत्नी म्हणून येते खरी, परंतु आपल्या जन्माच्या आडनावासह येते. १८५५ नंतरच्या मृत्युनोंदीतही मृताच्या आईचे माहेरचे आडनाव विचारले जाते. त्यामुळे आईच्या बाजूचा माग सहसा तुटत नाही.

आता याच माणसांची कोकणातली आणि मुंबईतली नोंद पाहावी. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीचे अनेक अधिकारी व शिपाई येथील स्त्रियांसोबत राहिले आणि त्यांना मुले झाली. त्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव, हुद्दा आणि पलटण व्यवस्थित लिहिलेली असते. आईच्या जागी मात्र पुष्कळदा काहीच नसते, किंवा केवळ ‘देशी स्त्री’ एवढे शब्द असतात. ज्या बापाच्या देशात आईचे माहेरही टिपून ठेवण्याची पद्धत होती, त्याच्याच मुलाच्या नोंदीत येथे आईचे नाव विचारण्याचीही गरज मानली गेली नाही. तेव्हा अशा घराण्यातील वंशज जेव्हा ‘स्कॉटिश पूर्वज’ शोधू लागतो, तेव्हा त्याला तो सापडण्याचा संभव असतो. पण त्या पूर्वजाशेजारी उभी असलेली कोकणी पूर्वज त्याच वहीत हरवते. क्वचित एखाद्या मृत्युपत्रात तिचे नाव भेटते, कारण तिला काही रक्कम किंवा घर द्यावयाचे असते. वारसा द्यावयाचा झाला की नाव लागते. वंश सांगताना ते गाळले तरी चालते, असा हा हिशेब आहे.

हा दोष केवळ साहेबाच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. आपल्या वंशावळींच्या फांद्यांवर बहुतेक पुरुषांचीच नावे असतात. आपल्याकडे तर लग्नात मुलीचे आडनावच काय, तिचे नावही अनेक घरांत बदलत असे. मग माहेरची यमुना आणि सासरची लक्ष्मी एकच, हे दोन पिढ्यांनी कोणाला सांगता येणार? कुलवृत्तांतकारांनी सुनांची माहेरे नोंदविण्याचे मोठे काम केले, हे खरे. पण कुलवृत्तांत छापला जाण्याइतके बळ किती जातींच्या वाट्यास आले?

या किनाऱ्यावरच्याच बेने इस्रायलांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. नवगावच्या किनाऱ्यालगत फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज आले, आणि बुडालेल्यांना तेथेच मूठमाती मिळाली, अशी त्यांची परंपरा सांगते. त्या जुन्या दफनभूमीत नावांचे दगड नाहीत. या लोकांनी पूर्वजांची खूण ठेवली ती आडनावात: किहीमकर, नवगावकर, पेझारकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर. पुढच्या काळात हिब्रू आणि मराठी अशा दोन भाषांतले लेख त्यांच्या थडग्यांवर आले. त्यांना हिब्रू शिकता यावी म्हणून १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले ते जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्यानेच. ज्याच्या देशी दगड वाचून वंश सांगतात, त्याने दुसऱ्यांना आपले दगड वाचण्याचे साधन दिले, असे म्हणता येईल.

स्थानिक दप्तरांकडे वळले, तर १८८३ चे कुलाबा गॅझेटियर प्रथम हाती येते. त्या मालेचे संपादक जेम्स कॅम्पबेल हेही ग्लासगोजवळ जन्मलेले, धर्मोपदेशकाचे पुत्र. त्यांच्या खंडात किल्ले, बंदरे, व्यापार, जातवार शिरगणती असे सारे आहे. पण रयत तेथे आकड्यांत येते, नावाने येत नाही. नावांसाठी खाली उतरावे लागते: कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, फेरफारातील वारसांची नावे, आंग्रेकालीन मोडी कागद. जातीच्या दाखल्यासाठी आज लोक कोतवाल बुकाच्या नकला काढतात. त्याच नकलांत एखाद्या पणजीचे नाव प्रथमच वाचावयास मिळते, हे अभ्यासकांनी फारसे ध्यानात घेतलेले नाही.

दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या नोंदी करणारी संस्था इंग्लंडमध्ये १९७६ साली स्थापन झाली आणि तिने पुष्कळ लेख वाचून छापले. हे काम मोलाचे आहे. तथापि ते दूरदेशीच्या वंशजांसाठी झालेले काम आहे. कोकणच्या पावसात झिजणारे हे दगड वाचण्याची गरज मराठीच्या अभ्यासकालाही आहे. थडग्यावरील लेख हा एक वाङ्मयप्रकारच आहे; कोणाला विशेषण मिळाले, कोणाला नुसते नाव आणि कोणाला तेही नाही, हे त्यात स्पष्ट दिसते. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपापल्या तालुक्यातील असे लेख उतरवून घ्यावेत, ते ख्रिस्ती असोत, यहुदी असोत, मुसलमानी असोत वा समाध्यांवरील असोत, आणि प्रत्येक नोंदीत आईच्या नावासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा, असे आम्हांस वाटते. तो रकाना पुष्कळदा रिकामाच राहील. परंतु रकानाच नसणे आणि तो रिकामा असणे यांत फरक आहे. दुसऱ्या स्थितीत पुढच्या अभ्यासकाला काय शोधावयाचे आहे, ते तरी कळते.