अनुच्छेद 15(1) आणि रात्रीची गस्त

कोणत्याही नागरिकास प्रतिकूल होईल असा भेदभाव केवळ वंश, जात अशा कारणांवरून राज्य करणार नाही, असे हा अनुच्छेद सांगतो. एकेक शब्द घेऊ.

‘राज्य’: बंधन आधी सरकारवर. संविधान 26 जानेवारी 1950 ला लागू झाले. अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा मात्र 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. आमच्याकडे पुढे 1959 चा मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियम आला. जमात हा शब्द गेला, पाळत राहिली.

‘कोणत्याही नागरिकास’: यात संदिग्ध काही नाही.

‘केवळ’: ग्यानबाची मेख इथे आहे. पारधी आहे म्हणून उचलला, असे कोणताही हवालदार लिहीत नाही. तो लिहितो, ‘संशयितरीत्या फिरताना मिळून आला.’ महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 122 हाताशी असतेच: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर घुटमळणारा, चोर म्हणून ओळखला जाणारा माणूस समाधानकारक खुलासा देऊ शकला नाही, तर तो गुन्हा. ओळखला जाणारा, पण कोणाकडून? पालावरच्या पोराला ही ओळख मिसरूड फुटण्याआधीच चिकटते. कागदावर दुसरे कुठलेही कारण आले की ‘केवळ’ची अट मोडते, आणि कोर्टात भेदभाव सिद्ध करायला हाती काही उरत नाही.

‘वंश, जात’: ईशान्येतल्या लोकांना होणाऱ्या वांशिक छळाविरुद्ध स्वतंत्र कलमे घाला, असे बेझबरुआ समितीने 2014 मध्येच सुचवले, पण 2023 च्या भारतीय न्याय संहितेतही ती नाहीत. जातीचे त्रांगडे आणखी अवघड. कैकाडी नागपुरात अनुसूचित जातीत, सोलापुरात विमुक्त जातीत, म्हणजे त्या रद्द झालेल्या कायद्यातून सुटलेल्यांत. खोट्या केसमध्ये गुंतवले तर नागपूरकराला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा आधार आहे, सोलापूरकराला नाही. (त्याचा आजा त्याच जुन्या कायद्याखाली सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहिला असला, तरी नाही.)

‘भेदभाव करणार नाही’: केल्यास काय, हे कलम सांगत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला लावला, विमुक्तांच्या मनमानी अटकांबद्दल पोलिसांनाही बजावले. तुरुंगात जातीवर कामे वाटली जात होती, तिथे हे योग्यच. रस्त्यावरच्या झडतीत उलटे हवे, तिथे नोंद ठेवायला हवी. इंग्लंडमध्ये 1984 च्या पोलीस कायद्याने झडतीची लेखी नोंद सक्तीची आहे, तीत वांशिक गटही लिहितात. कृष्णवर्णीयांच्या झडत्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त होतात, हे म्हणूनच सरकारी आकड्यांत दिसते. तिथला भेदभाव त्याने संपलेला नाही, पण नाकारताही येत नाही. आपल्या कायद्यात अशी सक्ती नाही. भेदभावाविरुद्ध नवा कायदा करायचा असेल, तर पहिले कलम या नोंदीचे हवे, आणि तिची प्रत झडती दिलेल्या माणसाच्या हातात पडली पाहिजे.