गोळीच्या पाकिटातला कागद

औषधाच्या पाकिटात घड्या घालून ठेवलेला पातळ कागद आपल्यापैकी किती जण वाचतात? बहुतेकदा तो थेट केरात जातो. पण पाळणा लांबवण्याच्या गोळीसोबत असा एक कागद मिळावा म्हणून अमेरिकेतल्या बायकांना भांडावं लागलं होतं.

'एनोव्हिड' ही गोळी गर्भनिरोधक म्हणून विकायला तिथल्या सरकारनं १९६० मध्ये परवानगी दिली. सुरुवातीच्या त्या गोळीत इस्ट्रोजेनच्या जातीचं संप्रेरक तब्बल १५० मायक्रोग्रॅम होतं. आपल्या 'माला-डी'त ते ३० असतं. इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याकडे कल वाढतो. पायाच्या खोल शिरेत गुठळी धरते, आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेततं. १९६१ मध्येच इंग्लंडातल्या सफोकचे डॉ. जॉर्डन यांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून असा एक रुग्ण कळवला होता. ही रुग्ण स्वतःच परिचारिका होती! आता, एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही. भक्कम पुरावा आला तो १९६८ मध्ये, इनमन आणि व्हेसी या ब्रिटिश संशोधकांकडून. तोवर लाखो बायका रोज गोळी घेत होत्या.

मग बार्बरा सीमन या पत्रकार बाईंचं पुस्तक १९६९ मध्ये आलं. ते सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या हाती पडलं आणि जानेवारी १९७० मध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी लावली. डॉक्टर आले, शास्त्रज्ञ आले. गोळीचा त्रास सोसलेली एकही बाई मात्र साक्षीला बोलावली नव्हती. तेव्हा ॲलिस वुल्फसन आणि त्यांच्या मैत्रिणी प्रेक्षकांतून उठल्या आणि भर सभेत विचारू लागल्या, की आमच्यावर हे प्रयोग का, आणि आम्हाला कुणी विचारत का नाही? टीव्हीचे कॅमेरे चालू होते. घरोघरी ते दिसलं.

डॉक्टरांतल्या काहींचं म्हणणं होतं, की धोका सांगितला तर बायका घाबरून गोळी सोडतील आणि नको असताना दिवस जातील. हे म्हणणं मला उडवून लावण्याजोगं वाटत नाही. कारण गुठळीचा धोका गोळीपेक्षा गरोदरपणात जास्त आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत तर कितीतरी जास्त असतो. पण बाईला हिशेब न दाखवता तिच्या वतीनं तो परस्पर मांडून टाकायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

सरकारनं कागद द्यायचं ठरवलं. आधीचा मसुदा चांगला लांबलचक होता. डॉक्टरांच्या संघटना आणि कंपन्यांनी हरकती घेतल्यावर तो कापून अगदी थोडक्यात आणला. मी कवी माणूस, काटछाटीचा मला आदर आहे, पण इथे जे गेलं ती अलंकारिक भाषा नव्हती. तरी गुठळीचा उल्लेख राहिला. सविस्तर माहितीचा आग्रह १९७८ मध्ये मान्य झाला. दरम्यान गोळीतलं इस्ट्रोजेनही उतरत गेलं आणि ५० मायक्रोग्रॅमच्या वरच्या गोळ्या १९८८ मध्ये अमेरिकी बाजारातून गेल्या.

दुसरी बाजूही घडून गेली आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं डॉक्टरांना कळवलं, की काही नव्या गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो. 'दुप्पट' एवढंच बातम्यांत गाजलं. वर्षाला लाख बायकांमागे १५ ऐवजी ३०, असा तो हिशेब होता. गरोदरपणात तोच आकडा ६० च्या आसपास धरला जाई. पण हे कानावर पडण्याआधीच अनेकींनी पाकीट अर्ध्यावर टाकून दिलं, आणि १९९६ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात हजारोंनी वाढले.